मी बंद नव्हते

मित्रांनो, मला जुनी म्हणू नका. माझं वय अवघं तीन वर्षं आहे आणि टायरसुद्धा कारखान्यातून आले तेच आहेत. पण गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या हातून जे घडलं, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. त्या दिवसापासून मला वाटतं, आपण चांगल्या साठीच्या झालो. हे सगळं तुम्हाला सांगायचं ठरवलं आहे. कारण उद्या तुमच्याही दारात माझी एखादी बहीण येईल, आणि तेव्हा तुम्हाला हे ठाऊक असलेलं बरं.

मी लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला अगदी टेकून चालणारी गाडी आहे. लोक मला स्पोर्ट्स कार म्हणतात. माझ्या मालकाची आई, चतुराबाई, मला घसरगुंडी म्हणते. माझ्या पोटात दोन यंत्रं आहेत, एक विजेची मोटर आणि एक पेट्रोलचं इंजिन. म्हणून मला हायब्रीड म्हणतात. हळू जायचं असेल किंवा नुसता एसी लावून बसायचं असेल, तर बॅटरीच काम भागवते. तेव्हा माझा आवाज होत नाही. बॅटरी उतरायला लागली की इंजिन आपलं आपण सुरू होतं, बॅटरी भरतं आणि आपलं आपण थांबतं. कुणी किल्ली फिरवत नाही, कुणी बटण दाबत नाही. ते कुणाला विचारतसुद्धा नाही. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. माझ्या घरच्यांनी ती ठेवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती कुणी सांगितलीच नव्हती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली फरशी इतकी स्वच्छ, की तिच्यावर वाढून जेवावं. शेवटच्या तपासणीला एका माणसाने पांढरा हातमोजा घालून माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिच्यात खोट नाही." मी ते खरं मानलं. पुढे नाशिकच्या शोरूममध्ये मी काचेमागे उभी राहिले. मुलं बाहेरून काचेला नाक लावून मला बघायची. मला वाटायचं, आता आपण कुणाच्यातरी बंगल्यात जाणार, गुळगुळीत रस्त्यावरून धावणार आणि संध्याकाळी मऊ फडक्याने अंग पुसून घेणार. अहाहा! कसलं काय!

मला घेऊन गेला तो अमोल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप आहे, आणि गावाबाहेर घरचा फुलांचा मळा. पॉलिहाऊसमध्ये जरबेरा, त्याच्या कडेने गुलाब. तो शोरूममध्ये आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीला ऑइल लागलेलं होतं. आपल्या हाताचा डाग मला लागेल या भीतीने त्याने मला हातसुद्धा लावला नाही. एक वीतभर अंतर ठेवून माझ्याभोवती तीन चकरा मारल्या. "शाळेत वहीच्या मागच्या पानावर हिचीच चित्रं काढायचो," तो बायकोला, उज्वलाला म्हणाला. मला तो तिथेच आवडला.

मळ्यावर पोचले आणि पहिला धक्का बसला. रस्ता कुठे आहे? रस्ता म्हणून जे होतं ते दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. तो उंचवटा माझ्या पोटाला घासला तेव्हा मी मनातल्या मनात किंचाळले. दारात चतुराबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि विचारलं, "आरं, हिला मागची दारं कुठं हायती?"

"दोनच दारं असतात आई हिला."

"मंग आख्खी नव्हती का त्यांच्याकडं?"

उज्वला पदर तोंडाला लावून हसली. त्यानंतर चतुराबाईला आत बसवायचा सोहळा झाला. "आधी डोकं घालू का आधी पाय?" असं ती दोनदा विचारून बसली, आणि उतरताना तिला बाहेर काढायला दोघं लागले. "मला काय पुन्हा बसायचं नाय ह्या घसरगुंडीत," ती म्हणाली. माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नाकासमोर लिंबू-मिरची लटकली, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायला लावलं. माझ्या तोलामोलाच्या गाडीला असं वागवतात? मी थक्क झाले होते.

मग रोजचं जाणं-येणं सुरू झालं. मळा ते अंबड आणि अंबड ते मळा. गतिरोधक आला की अमोल मला तिरकी करून, एकेक चाक चढवत नेई, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करत. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे मला तासन्‌तास रांगावं लागे. सिग्नलला पोरं माझ्यासोबत फोटो काढत आणि विचारत, "दादा, किती देते?" ताशी दोनशेच्या पुढे जाणारी मी, आणि यांना माझं ॲव्हरेज हवं! उज्वलाने एकदा माझ्या मागच्या सीटवर जरबेराच्या पेट्या ठेवल्या तेव्हा तर मला रडू यायचं बाकी राहिलं. पण अमोल रोज संध्याकाळी मला स्वतः पुसायचा. त्या एका गोष्टीवर मी सगळं सोसलं.

एका गोष्टीचा मात्र आम्हा दोघांना भारी ताठा होता. तो म्हणजे माझा न होणारा आवाज. मी गावात शिरले तरी कुणाला पत्ता लागत नसे. एकदा पारावरून उतरणारे एक म्हातारबाबा मी शेजारी आलेली पाहून दोन फूट उडाले. "आरं, आवाज तरी कर की मेल्या!" ते ओरडले. अमोल हसत सुटला. घरी आला की पाहुण्यांना बोलावून दाखवायचा. मला सुरू करायचा आणि विचारायचा, "सांगा बरं, चालू आहे का बंद?" पाहुणे कान लावायचे आणि म्हणायचे, "बंद." मग तो छाती फुगवून म्हणायचा, "चालू आहे! आवाज नाही, धूर नाही. आवाज नाही म्हणजे पेट्रोल जळतच नाही." घरातल्या सगळ्यांनी हे इतक्यांदा ऐकलं, की त्यांना ते पाठ झालं. त्याच्यापुढचं अर्धं वाक्य त्याने कधी सांगितलंच नाही. आणि मी? मी त्या कौतुकात इतकी फुगले होते, की मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

आता माझ्या खोडीबद्दलही सांगते. आवाज करत नसले तरी मी पीं-पीं फार करते. पट्टा लावला नाही, पीं-पीं. रस्त्यावरची पांढरी पट्टी ओलांडली, पीं-पीं. मागून कोंबडी गेली, पीं-पीं. चालू ठेवून कुणी चावी बाहेर नेली, तरी पीं-पीं. पहिल्या महिन्यात घरचे दचकून बघायचे. नंतर त्यांनी बघायचं सोडलं. "हिचं कायम कुरकुरनं चालूच ऱ्हातंय," चतुराबाई म्हणायची. त्यांचं काय चुकलं? येताजाता ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देतं?

मला ठेवायला अमोलने फुलं भरायची जुनी पत्र्याची शेड रिकामी केली. शटर बसवलं. मळ्यावर धूळ फार, म्हणून पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या सगळ्या फटी त्याने फोम भरून बुजवल्या. दोन छोट्या खिडक्या होत्या, त्यांवर जाड प्लास्टिक ठोकलं. कणभर माती आत येणार नाही असा बंदोबस्त केला. हे सगळं माझ्यासाठी, बरं का. माझ्या अंगावर धूळ बसू नये म्हणून. मी त्या शेडमध्ये राणीसारखी राहत होते.

एप्रिलच्या शेवटी अमोलची धाकटी बहीण शुभांगी बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर सिन्नरला. मुलगी झाली. इतकुसं बाळ, मुठी आवळलेलं. बारशाला अजून अवकाश होता, म्हणून सगळे तिला नुसतं बाळ म्हणत. शुभांगीच्या कानाला सदा फडकं बांधलेलं, आणि चतुराबाईचा पहारा कडक. बाळंतिणीला वारा लागायला नको, गार प्यायला नको, रस्त्यावरच्या कुणाची नजर पडायला नको. अंगाला तेल लावायला पुतळाबाई यायची. सकाळी आंघोळ घालायची, आणि दुपारी येऊन शेगडी पेटवून ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची. मे असो की काय असो, धुरी चुकायची नाही. त्या वासाची सगळ्या घराला सवय झाली होती.

बाळ एकोणीस दिवसांचं झालं तेव्हा गावची विजेची डीपी जळाली. दोन दिवस वीज नाही. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी तर असा उकाडा, की पत्रा तडतड वाजत होता. बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. ते रडून रडून काळंनिळं झालं, अंगावर पिईना. चतुराबाई पुठ्ठ्याने वारा घालून घालून थकली. अमोल अंबडला कामावर होता. त्या दिवशी तो जुन्या मोटारसायकलवरून गेला होता आणि मला घरीच ठेवलं होतं.

उज्वलाच म्हणाली, "आई, ताईला गाडीत बसवू का? एसी लावते. बाळाला जरा डोळा लागेल."

"आगं, बाळंतीण हाय ती! गार हवा?"

"हळू लावते. बाळाचे हाल बघा ना."

चतुराबाईने बाळाकडे पाहिलं. तिचाही जीव तुटत होता. "बरं, बसव," ती म्हणाली, "पन पेट्रोल जळत बसायचं, धूर व्हायचा."

"नाही हो. आवाज नाही म्हणजे इंजिन बंदच असतं. नुसत्या बॅटरीवर चालतं. हे सांगतात ना रोज?"

"मंग शटर वढून घे पुरतं. बाहेर झळा हायत्या. आन् रस्त्यानं जानारा-येनारा वाकून बघतोय."

मी हे सगळं ऐकत होते, मित्रांनो. आणि मला आनंद झाला होता! बाळ माझ्याकडे येणार म्हणून. मला काडीचीही शंका आली नाही.

दीड वाजता उज्वलाने शुभांगीला माझ्या डाव्या सीटवर बसवलं, सीट मागे पाडली, बाळाला तिच्या कुशीत दिलं. बटण दाबून मला सुरू केलं. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, की मी तयार आहे. एसीची गार हवा आली आणि बाळाचं रडणं हळूहळू थांबलं. "वहिनी, किती बरं वाटलं गं," शुभांगी म्हणाली. उज्वलाने चावी कमरेच्या छल्ल्याला अडकवली आणि दार लावून घेतलं. मी लगेच पीं-पीं केलं, चावी बाहेर चालली म्हणून. उज्वला म्हणाली, "झालं हिचं सुरू." आतून शुभांगीने दाराचं लॉक दाबलं, कुणी मधेच उघडून बाळाला उठवू नये म्हणून. शटर खाली आलं. उज्वला पॉलिहाऊसमध्ये फुलं तोडायला गेली. चार वाजता भिकनचा टेम्पो माल न्यायला येणार होता.

छपराजवळ माझ्यात एक छोटा माईक आहे, फोनवर बोलण्यासाठी. त्यातून मला आतलं ऐकू येत होतं. बाळ चुटूचुटू पीत होतं. शुभांगी काहीतरी गुणगुणत होती. मग दोघींना झोप लागली.

अर्ध्या तासाने बॅटरी उतरायला लागली, आणि माझं इंजिन सुरू झालं.

अगं आई गं! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं धुराड्याचं नळकांडं मागे, भिंतीपासून हातभर अंतरावर. फटी बुजवलेल्या. खिडक्यांना प्लास्टिक. शटर पुरतं खाली. माझ्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो नाकातोंडात गेला की माणसाला वाटतं, आपल्याला झोपच येते आहे. मला थांबायचं होतं, हो! पण मला थांबताच येत नाही. बॅटरी भरेपर्यंत इंजिन चाललं, मग थांबलं. माझ्या जिवात जीव आला. आणि थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या खेपेला शुभांगी किंचित जागी झाली. "एसी जोरात लागला वाटतं," असं पुटपुटली. "डोकं काय ठणकतंय..." आणि पुन्हा झोपली. मी काय केलं म्हणता? मला जे येतं ते सगळं करायची माझी तयारी होती. पण मला पाऊस कळतो, पुढची गाडी कळते, मागून गेलेली कोंबडी कळते. माझ्या आत बसलेल्या माणसाचा श्वास कमी होतोय, हे ओळखून ओरडायची सोय माझ्यात कुणी केलेलीच नाही! पांढरा हातमोजा घालून खोट शोधणारा तो माणूस मला आठवला आणि माझा संताप झाला. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं तेव्हा मी माईकला कान लावून बसले होते. बाळाची ती बारीक हुं-हुं ऐकू येत नव्हती.

त्या वेळी ओसरीवर काय चाललं होतं, ते मी नंतर शंभरदा ऐकलं आहे, म्हणून सांगते. चतुराबाई ओसरीवर आडवी झाली होती. तिला कसलातरी कोंदट, जळका वास आला. तिला वाटलं, पुतळाबाई मागच्या दाराने आली असेल, धुरीसाठी शेगडी पेटवत असेल. रोजचंच ते. ती कूस बदलून पडून राहिली. तो वास माझा होता, मित्रांनो. विषारी वायूला वास नसला तरी बाकीच्या धुराला असतो, आणि तो शटरखालून झिरपत होता.

तीन वाजून गेल्यावर पुतळाबाई आली. पुढच्या दाराने आली. घाम पुसत म्हणाली, "चतुराक्का, आज तुम्हीच शेगडी पेटवून ठेवली व्हय?"

चतुराबाई उठून बसली. "मी कशाला पेटवू? मला वाटलं तूच पेटवलीस."

"मी तर आत्ता येतेय."

पुतळाबाईने नाक वर करून वास घेतला. "ह्यो काय ओव्याचा वास नाय. शुभी कुठं हाय?"

"शेडमधी. गाडीत निजलीय. गाडी बंद हाय, नुसता एसी..." चतुराबाईचं वाक्य तोंडातच राहिलं. कारण ओसरीवरून ऐकलं, तर शेडमधून बारीक घुर्र आवाज येत होता.

त्या दोघी धावत आल्या. शटर वर गेलं तशी कोंडलेली हवा बाहेर लोटली आणि पुतळाबाईला ठसका लागला. तिने माझं दार ओढलं. आतून लावलेलं! "शुभे! ए शुभे! उघड!" चतुराबाई माझ्या काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत होती. शुभांगीची मान एका बाजूला कलली होती. बाळाचा हात सीटवरून खाली लोंबत होता. चावी उज्वलाच्या कमरेला आणि उज्वला पॉलिहाऊसच्या पार त्या टोकाला. "उज्वले!" अशी चतुराबाईने जी हाक मारली, तशी हाक मी जन्मात ऐकलेली नाही.

पुतळाबाई हाक मारत बसली नाही. भिंतीला पहार टेकवून ठेवली होती, ती तिने उचलली. गावभरच्या बाळंतिणींना चोळून चोळून कमावलेले तिचे हात. क्षणभर ती थबकली, कारण घरात कुणी मला ओरखडासुद्धा पडू दिला नव्हता. "फोड!" चतुराबाई ओरडली. "फोड ती मेली!"

मीही तेच ओरडत होते. फोड, बाई, फोड मला! पहिल्या घावात काच तडकली, दुसऱ्यात खाली आली. पुतळाबाईने हात आत घालून दार उघडलं, बाळाला उचललं आणि पळत बाहेर मोकळ्यात नेलं. चतुराबाईने लेकीला बगलेत हात घालून ओढलं. एवढ्यात उज्वला धापा टाकत आली, आणि तिच्या मागोमाग, वेळेआधीच, भिकनचा टेम्पो फाटकातून आत आला. भिकनने एका नजरेत सगळं ओळखलं. टेम्पोत दुसऱ्या मळ्यांच्या पेट्या निम्म्या भरल्या होत्या, त्या त्याने जमिनीवर फेकल्या. चौघींना आणि बाळाला मागे घेतलं आणि टेम्पो सुटला. पुतळाबाई बाळाच्या पाठीवरून हात फिरवत, त्याच्या तोंडावर फुंकर घालत होती.

मी तिथेच राहिले. दारं उघडी, काच फुटलेली, आजूबाजूला तुडवलेली फुलं. ताशी दोनशेचा काटा असलेली मी उभी होते, आणि खडखडणारा टेम्पो त्यांना घेऊन गेला होता. मला बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. थोड्या वेळाने माझं इंजिन पुन्हा सुरू झालं. मला माझीच शिसारी आली.

टेम्पोतल्या वाऱ्याने शुभांगी वाटेतच शुद्धीवर आली. बाळाने मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. पाच दिवस त्याला दवाखान्यात ठेवलं, प्राणवायू लावला. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी बंद होती म्हणता, मग धूर कुणाचा?" त्याचं उत्तर अंबडहून धावत आलेल्या अमोलला तेवढं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी बाळ रडलं, कडाडून रडलं, आणि म्हणे चतुराबाईने दवाखान्याच्या जिन्यातच जमिनीला डोकं टेकलं. मोठं होईपर्यंत त्याला अधूनमधून तपासत राहावं लागणार आहे. ते आता हसतं, मूठ धरतं. पण दर तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही.

घरी आल्यावर एका संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले होते. "मीच म्हनले शटर वढ," चतुराबाई म्हणत होती. "चावी माझ्या कमरेला होती," उज्वला रडत होती. अमोलने दोघींना थांबवलं. मग म्हणाला, "इंजिन आपोआप सुरू होतं, हे मला घेतानाच सांगितलं होतं. माहीत होतं मला. तुम्हाला मी फक्त आवाज नाही, धूर नाही, एवढंच सांगत राहिलो. भाव मारायला."

चतुराबाई त्याला रागे भरली नाही. "सांगायचं व्हतंस रं," एवढंच म्हणाली. "एवढं एकच सांगायचं व्हतंस."

त्यानंतर महिनाभर मला कुणी हात लावला नाही. शेडचं शटर काढून टाकलं, फटींतला फोम ओरबाडून काढला, खिडक्या मोकळ्या केल्या. अमोल जुन्या मोटारसायकलवरून अंबडला जाऊ लागला. माझ्या फुटक्या काचेला गोणपाट लावलं होतं. अंगावर बोटभर धूळ चढली, कोंबड्या माझ्या टपावर बसल्या. मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही.

जुलैच्या शेवटी शुभांगीची सासरी जायची वेळ आली. अमोलने भाड्याची गाडी सांगायचं ठरवलं होतं. तीच म्हणाली, "दादा, तुझ्याच गाडीनं सोड. भीती धरून किती दिवस बसू?" त्याने मला धुतलं, नवी काच बसवली. सगळ्या काचा खाली करून आम्ही सिन्नरच्या रस्त्याला लागलो. शुभांगी बाळाला घट्ट धरून बसली होती. मी जितकी हळुवार चालता येईल तितकी चालत होते. पण मोहदरी घाट आला. चढाला बॅटरी पुरत नाही. माझं इंजिन घुर्र करून सुरू झालं.

"दादा, थांबव!"

"अगं, उघड्यावर, चालत्या गाडीत काही होत..."

"थांबव म्हणते ना!"

त्याने मला कडेला घेतलं आणि बटण दाबलं. शुभांगीने पट्टा सोडला. "डोक्याला कळतंय रे दादा, काही होणार नाही म्हणून. पण छातीला कळत नाही." ती बाळाला घेऊन उतरली. मागून काळीपिवळी जीप येत होती, खच्चून भरलेली. शुभांगीने हात केला. आतल्या बायका सरकल्या, तिला मधे घेतलं, आणि जीप धूर ओकत, खडखडत घाट चढू लागली. माझ्यात बाळाच्या दुपट्यांची पिशवी तेवढी राहिली. अमोल जीपमागून मला नेत राहिला. मी माझ्या पुढच्या कॅमेऱ्यातून हळूच बघितलं. त्या एवढ्या गोंगाटात बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.

सिन्नरला तिच्या दारासमोर अमोलने मला उभं केलं. बटण दाबलं. पडद्यावरची हिरवी अक्षरं विझेपर्यंत तो हात तसाच ठेवून बसला. मग खाली उतरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शुभे, बंद केली गं!" शुभांगी दारात आली. तिने भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ती माझ्याजवळ आली, वाकली, काळ्या पडद्याकडे नीट पाहिलं, कान लावून ऐकलं, आणि मगच हात आत घालून पिशवी उचलली. आमच्या मळ्यावर आता हीच पद्धत पडली आहे. जो उतरेल त्याने मोठ्यांदा सांगायचं, आणि दुसऱ्याने स्वतः येऊन बघायचं. चतुराबाईसुद्धा ओसरीवरून उतरून येते आणि बघून जाते.

मित्रांनो, मला पुसू नका, मला फुलं वाहू नका, माझे फोटोही काढू नका. माझी काळजी घ्यायची असेल तर ती अशी घ्या. मला बंद जागेत चालू ठेवू नका. मला घेताना दुकानदार जे जे सांगेल, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून लहान मुलापर्यंत सगळ्यांना पुरतं सांगा, अर्धं सांगू नका. उतरताना बटण दाबा आणि पडद्यावरची अक्षरं विझेपर्यंत थांबा. एवढं करूनही शंका आली, तर परत या आणि आत वाकून बघा. मला राग येणार नाही.